ओव्याचा अर्क

कितीतरी वर्षं झाली, पण त्या बाईचा दबलेला आवाज अजून माझ्या कानात आहे. जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर ती आपल्या दिराशेजारी बसली होती. मांडीवरच्या खोक्यात कोंबडीची पिल्लं माना टाकून पडली होती.

“वहिनी, पुरे झाला तो ओव्याचा अर्क. कोंबड्यांना जिवंतपणीच मसाला लावताय.”

“अर्कानं नाही आजारी पडली, भाऊजी. तुम्ही तो गरम खाद्यात ओतलात. वासच उडून गेला, तर त्यात राहिलं काय?”

“चुकलं माझं. पण आधीच्या पुडीला असले नखरे नव्हते. खाद्यात मिसळली की निर्धास्त. आज डॉक्टरांकडून तीच घेऊन जाऊ.”

“ती पूड नको.”

“का नको? दादानं इतकी वर्षं घातलीच ना?”

“म्हणूनच नको.”

“अहो, शेड रिकामी झाली तर त्याला तोंड काय दाखवू? इस्पितळातून सुटला की तो आधी कोंबड्याच बघायला जाईल.”

ती पिल्लांच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली.

“बोला ना, वहिनी.”

“त्यांच्या पायाची जखम भरत नाहीये. जंतू औषधाला दाद देत नाहीत, म्हणाले इस्पितळातले मोठे डॉक्टर. मग विचारलं, घरी कोंबड्यांना रोज काय घालता?”

“मग?”

“मी पुडीचं नाव सांगितलं, भाऊजी. तेच औषध ते त्यांना सुईतून देत होते.”