शाईतली आई

नाही, नाही, तसं नका म्हणू काका, फोटोच आहे तो — शाईचा असला म्हणून काय झालं — बसा ना, ते स्टूल ओढा, जरा डुगडुगतं, भिंतीला टेकवून बसा. हं. आता खिडकीकडे धरून बघा. बोटाला लागणार नाही, काल दुपारीच वाळलाय. ही शाई साधी नसते, शंभर वर्षं टिकते असं खोक्यावर लिहिलंय — म्हणजे शंभर वर्षं कुणी बसून बघितलं नाहीये म्हणा, पण लिहिलंय.

तुम्ही त्या दिवशी म्हणालात ते आहे माझ्या लक्षात. की आईच्या तोंडावरचा उजेड या निगेटिव्हला लागलाय, आता तिच्यातूनच उजेड पाडून कागदावर उमटवा, मध्ये दुसरं काही नको. तुम्ही दीड वर्षाचे, तिच्या कडेवर, आणि पुढच्याच महिन्यात ती गेली — दुसरा फोटो नाही. बाबा किती खूश झाले होते माहितेय? कित्येक महिन्यांनी कुणी डार्करूमचं काम घेऊन आलं. लगेच रसायनं कालवायला बसले. ते तुमच्याच बाजूचे आहेत. मी प्रिंटरवर काही काढलं की विचारतात, झाली का गं तुझी छपाई? फोटो म्हणायचे नाहीत. मी कॉलेजातून शिकून आले तेव्हापासून आमचं हेच चाललंय. मी म्हणते, बाबा, फोटो होतो तो कॅमेऱ्यात, कागदावर मग डार्करूममधली चांदी असली काय नि शाई असली काय, माणूस तेच ना? तेच ना, काका? — अगंबाई. नाही, काही नाही, तुम्ही चष्म्याची डबी मिटलीत ना, दचकले. मी कशानंही दचकते.

बाबा? आहेत ना, आत आहेत. नाही, बाहेर येणार नाहीत. कामात — काम असं नाही, बसलेत. त्यांच्याकडून दुसरा काढून? नाही हो, आता निगेटिव्हवरून नाही निघणार. कारण — थांबा, सांगते, सगळं सांगते, फक्त उभे राहू नका.

तिला बुरशी लागली होती. तुम्हाला दिसली नसेल, कोळ्याच्या जाळ्यासारखी, खांद्यापासून गालापर्यंत. बाबा जेवायला वर गेले होते. म्हटलं, ते येईपर्यंत स्वच्छ करून ठेवावी. नुसतं पाणी होतं, काका, कोमट. आणि बुरशी लागलेल्या निगेटिव्हला पाणी लावायचं नाही हे मला माहीत होतं. परीक्षेत आलं होतं — बुरशी वरचा थर पोखरते, पाणी लागलं की तो सुटतो — मी लिहिलं होतं, पूर्ण मार्क मिळाले होते त्याला. तरी हात ट्रेकडे गेलाच. साधी धूळ असली की आम्ही तेच करतो, रोज करतो. आधी वाटलं, निघतेय बुरशी. मग सगळंच निघालं. दुधावरची साय सरकते ना, तशी तुमची आई सरकली त्या पट्टीवरून. मी खाली कागद घालून उचलायला गेले, तर तिची सुरळी झाली नि तुकडे पडले, मग तेही विरले. ट्रेमध्ये मळकट पाणी आहे, ते ओतलं नाहीये मी अजून. कुठे ओतू?

हा? हा मोबाइलवरनं. काम घेताना आम्ही नोंदीला टिपून ठेवतो, एवढासा, नखाएवढा. तो मोठा केल्यावर राहतं काय हो, ठिपके. मग — डावा डोळा बरा होता, उजवा म्हणजे तोच उलटा करून लावलाय. ओठांची कड मी काढली. तीन दिवस काढत होते. हनुवटी तुमच्यावरून, त्या दिवशी तुम्ही बोलत होतात ना, तेव्हाची आठवून — म्हणजे अगदीच मनाची नाही. केस खरे आहेत. तिच्या कॉलरमधली तुमची मूठ, ती तर पूर्ण खरी आहे. बाबांना म्हटलं, हाच देऊ, सांगायचं नाही, त्यांना काय कळणार. ओरडले असते तर बरं झालं असतं. काल नुसत्या रसायनांच्या बाटल्या बेसिनमध्ये रिकाम्या केल्या, एकेक करून, आणि धुऊन पालथ्या घातल्या. आता ते डार्करूममध्ये बसतात ना, दार उघडं टाकून बसतात.

काय बघताय? ते पाकीट होय. त्यात काही नाही, काका, नुसती पट्टी आहे, काचेसारखी, आरपार दिसतं. फेकवेना म्हणून ठेवलीय. — घ्या. तुमचीच आहे ती. धरून काही दिसणार नाही हो, मी धरली होती, कितीदा धरली. बरं, जपून, घडी नका पडू देऊ.

आणि हा? हा राहिला ना तुमचा. काका — हा नको?

बरं. असू दे. दार जड आहे जरा, जाताना ओढून घ्या.