किंचित कोमट करून लावावे

—नाही, आता बोलायचं नाही. अहो, खरंच सांगतेय, तोंड उघडलंत की फेस जाईल आत, आणि माझ्या हातात रेझर आहे, आणि बावीस वर्षांच्या संसारात मी दुध्या भोपळ्याखेरीज कशाची साल काढलेली नाही. तेव्हा मान वर, छताकडे बघा. पंखा बंद केलाय — फेस वाळतो ना, तुमचाच नियम. आज नेमका सोमवार, काशीरामचं सलून बंद, नाहीतर त्यालाच घरी बोलावला असता. आणि उजवा हात गळ्यात अडकवून तुम्ही डाव्या हाताने दाढी करायला निघालात, तर अकराला तो तेल कंपनीचा धनेश कागद घेऊन येईल तेव्हा दार उघडायला मी एकटीच उरेन. हसू नका! हसलात की गालाला खळी पडते, आणि खळीत ब्लेड कसं चालवायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

आणि हात मोडला तो तरी कशात? कुणाला सांगायची सोय नाही हो. गास गावात जाऊन, त्या केळीवाल्या हिलरीच्या वाडीत, त्याला विहिरीच्या कठड्याशी बसवून — काय तर म्हणे, दाढीच्या आधी तेल कसं लावायचं ते दाखवतो! तो बिचारा केळीचे घड उतरवायचे सोडून तोंडाला तेल फासून बसला, आणि तुम्ही दोन पावलं मागे सरलात लांबून बघायला, आणि शेवाळावरून थेट आडवे. बरं, पडलात तर पडलात, प्लास्टर घालताना त्या डॉक्टरांना काय विचारत होतात? 'तुम्ही दाढीआधी काय लावता?' मी तोंडाला पदर लावून बाहेर गेले होते ना, ती रडायला नव्हते गेले.

पण चेष्टा नाही करत मी. खरं सांगायचं तर त्या तेलाचे माझ्यावर उपकारच आहेत. बँकेतून व्हीआरएस घेतलीत आणि सहा महिने नुसते गॅलरीत बसून होतात — समोरच्या बिल्डिंगचा स्लॅब कधी पडतो ते बघत. विचारलं चहा घेणार? 'ठेव.' जेवणार? 'वाढ.' मला वाटायचं, हा माणूस असाच खुर्चीत विरघळून जाणार. आणि दिवाळीत शेजारच्या फर्डिनंडने बहारीनहून ती हिरवी बाटली आणली — प्री-शेव्ह ऑइल! — आणि तुम्ही उठून बसलात. वही काय केलीत, नियम काय लिहिलेत, रविवारी गॅलरीत अख्ख्या ए विंगचे पुरुष रांगेने काय बसवलेत... मान थोडी डावीकडे. अशी. हं. मला किती बरं वाटायचं, स्वयंपाकघरातून ऐकायची मी — केस मऊ झाला पाहिजे, कातडीवरून ब्लेड घसरलं पाहिजे, साबण एकटा काय करणार? — बँकेत कॅशियर होतात तेव्हासुद्धा इतके रुबाबात नव्हतात बोलत.

हा डावा गाल झाला बघा. कसा वाटतोय? बोलू नका, मनात ठरवा. छान झालाय ना? याला मी तेल लावलंच नाही. मुद्दाम. गरम पाण्यात टॉवेल पिळून ठेवला, मग साबण, बस्स. हनुवटीखाली मात्र लावलंय तेल, आणि तिथे ब्लेड जरा सुळकन जातंय — जातंय हो, नाही कशाला म्हणू? फरक आहे. तुमचं सगळंच खोटं आहे असं मी म्हणतच नाही. फक्त तो फरक बहारीनचा नाही, एवढंच.

हलू नका. आता मानेपाशी आलेय मी, आणि मुद्दामच इथे आल्यावर सांगतेय, कारण एरवी तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. त्या बाटलीत बहारीनचं तेल नाहीये. दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी, फळी पुसताना माझा हात लागला आणि ती मोरीत आडवी झाली — बाटली जाड म्हणून फुटली नाही, पण तेल गेलं सगळं. मग मी त्यात आपलं खोबरेल भरलं. दाट दिसावं म्हणून थोडं एरंडेल, आणि वासाला तुमच्या सर्दीच्या बाटलीतली निलगिरी, चार थेंब. आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी हुंगून काय म्हणालात? 'आता कुठे याचा खरा परदेशी वास सुटला!' अहो, एवढीशी बाटली, अर्ध्या बिल्डिंगने तोंडाला लावली, पाच महिने संपत कशी नाही, हे बँकेतल्या माणसाला एकदाही... जाऊ दे.

आणि थंडीत माझी काय त्रेधा! खोबरेल ते, थिजायला लागलं. पांढरं ढेकूळ दिसलं असतं की झालं कल्याण. म्हणून तुमच्या आधी उठून मी बाटली चहाच्या पातेल्याशेजारी ठेवायची. एकदा पकडलंत मला. 'ही इथे कशी?' मी म्हटलं, कोमट असलं की चांगलं भिनतं. सुचलं ते बोलले! आणि तुम्ही ते वहीत लिहिलंत — नियम तिसरा, किंचित कोमट करून लावावे — आणि त्या धनेशला सांगितलंत, आणि आता त्याच्या कंपनीच्या मराठी पत्रकावर छापून येणार आहे ते. त्यांच्या तेलात खोबरेल असेल-नसेल, देव जाणे. बहारीनच्या बाटलीवरचं नाव बघून तुम्ही कंपनी निवडलीत, आणि कंपनीच्या पत्रकावर माझी थाप.

तोवर ठीक होतं. तोवर मजाच होती. पण शनिवारी म्हणालात, नायगाव ते विरार तेलाची एजन्सी आपल्याकडे, आणि एजन्सी तुझ्या नावावर — वसुंधरा एजन्सीज. पाटी कशी असेल तेही डाव्या हाताने काढून दाखवलंत. बावीस वर्षांत दाराच्या पाटीवर माझं नाव नव्हतं हो, तिथे सुधाकर एवढंच. मला इतका आनंद झाला! हॉलमध्ये खोकी येणार, पलंगाखाली खोकी, आणि सही मी करायची. मी कशी करू? ज्या तेलाने तुमचं भलं झालं म्हणून हे सगळं, ते मोरीतून कधीच वाहून गेलंय, हे मला एकटीला ठाऊक. म्हणून आज सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

काय बघताय असं? आधी का नाही सांगितलं — तेच ना? सांगणार होते. देवाशपथ, त्याच सकाळी सांगणार होते. तुम्ही मोरीतून बाहेर आलात, ते खोबरेल लावून दाढी केलेली, आणि माझा हात धरलात आणि आपल्या गालावर ठेवलात. 'बघ, काय झालीये!' स्वप्ना समोर पोहे खात बसली होती, पोरीने मान खाली घातली, मला मेल्याहून मेल्यासारखं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. अहो, लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी कधी माझा हात धरला होतात तुम्ही? रस्त्याने चालताना दहा पावलं पुढे. आणि आता रोज सकाळी, चहाच्या आधी... मग मी बाटली भरतच राहिले. मला वाटलं, तेलाचं कळलं की ते बंद होईल. मला ते हवं होतं हो.

झालं. हे नव्हतं सांगायचं. पाणी गार झालं वाटतं, थांबा, आणते बदलून—

बेल. आला तो. अकरा कुठे वाजलेत अजून! बसा, मी बघते. अहो, तुम्ही कुठे निघालात? अर्ध्या तोंडाला फेस — प्लास्टर सांभाळा, दाराची कडी डाव्या हाताला यायची नाही — अहो! उघडलंच. काय हा माणूस. ऐकूही येत नाही काय बोलतायत ते...

गेला? इतक्यात? कागद घेऊन आला तसाच गेला? काय सांगितलंत त्याला? काहीतरी बोला आता, आता मी नाही अडवत. रागावलात? नाही? मग असे काय उभे आहात? बसा तरी, हा उजवा गाल राहिलाय अख्खा, तो करते आणि — हात कशाला हवाय माझा? अहो, या गालावर नाही! इथे फेस आहे अजून, ब्लेडही लागलेलं नाही, खरखरीत आहे नुसती, काही मऊबिऊ नाही झालेली — माझी बांगडी भरली फेसाने — सोडा, जिन्यात फर्डिनंड असेल...

दार तरी लोटून यायचं होतंत.