कुप्पम्माच्या हातात दिलेला विळा

आम्ही मूळचे तंजावरचे, बाई. तुमच्या पुण्याकडच्यासारखी मराठी नव्हे आमची, तुम्हास हसू येतं ते दिसतं की मला, पण पिढ्यान् पिढ्या घरात हीच बोलतो आम्ही. लग्न होऊन मद्रासला आले ती गिंडीच्या पलीकडल्या भाताच्या शेतावर. सरकारी शेत ते, भाताच्या नव्या जाती काढायचे तिथं. आमचे हे वॉचमन, आणि कुंपणाला लागून आम्हा सगळ्यांच्या खोल्या. मला काम काय, तर नव्या जातीचं भात शिजवायचं, रात्री त्यात पाणी ओतून ठेवायचं, आणि सकाळी शेतात उतरायच्या आधी कापणीच्या बायकांनी ते ताक-मिरची घालून खाऊन बघायचं. पळय सादम म्हणतात इथं, कष्टाची माणसं सकाळी तेच खातात. सकाळपर्यंत भात चिकट झाला की ती जात बाद, मग पीक कितीही येवो. कुप्पम्मानं तोंड वाकडं केलं की शेताचे मोठे साहेबसुद्धा हसायचे.

कुप्पम्मा म्हणजे त्या बायकांची म्होरकी. जिभेची तिखट, तमिळशिवाय दुसरी भाषा नाही, पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत तीच धावली. माझी आई तंजावरला, ती कुठून येणार?

मग आमच्या शेतावर राव आले, साहेबांच्या हाताखाली सुपरिंटेंडेंट म्हणून. मी अंगणात कावळ्यास शिव्या देत होते, ते ऐकून थांबले, अक्का, तू आमच्यातली? अय्यो, काय सांगू तुम्हाला, परक्या गावात मोठ्या हुद्द्याचा माणूस आपल्या घरची बोली बोलतो म्हणजे काय वाटतं ते! मग येऊन बसायचे, पिठलं खायचे, आईच्या हातची चव आहे म्हणायचे. भाऊच मिळाला म्हणून मी फुगून गेले होते.

अन् एक वर्षी मोजणीवाले आले साखळ्या घेऊन. बांधावर पांढरे दगड पुरले. शेत बंद होणार, कारखाने येणार, अशी बोलवा उठली. मोठ्या साहेबास विचारलं तर ते नुसते चष्मा पुसत बसले. खोल्या जाणार, काम जाणार, जायचं कुठं आम्ही? तेव्हा कुप्पम्मा म्हणाली, जोवर लोंबी उभी आहे तोवर इथं कोण पाया खणतो ते बघूच. फाटकाशी पिळ्ळैयार होता, आपला गणपती हो, त्याच्यापुढं सगळ्यांनी विळे नेऊन ठेवले. शेत राहणार असं कोणी तोंडानं सांगेपर्यंत कापणी नाही. भात पिकून वाकलं, पाखरं तुटून पडली, पण एकीनं विळ्यास हात लावला नाही.

राव सकाळीच आमच्या घरी आले. मी पान वाढलं. खाता खाता म्हणाले, अक्का, शेत कुठं जात नाही, पुढची लावणी ह्याच मातीत आहे, पण हे बियाणं वाया गेलं तर वरचे चिडतील, तेवढं कापून घ्यायला सांग बायकांस, तुझं ऐकतील. हात भातात होता त्यांचा. आमच्यात अन्नावर हात असताना दिलेला शब्द म्हणजे देवापुढचा शब्द, ते ठाऊक होतं त्यांस, त्यांच्याही घरची तीच रीत. मी शंका कशी घेणार, तुम्हीच सांगा.

मी जाऊन सांगितलं. कुप्पम्मा म्हणाली, तुमच्या भाषेत काय बोलला तो मला काय कळणार, पण तू सांगतेस ना, तेवढं पुरे. पिळ्ळैयारपुढचा विळा मी उचलला, तिच्या हातात दिला.

कापणी संपली, भारे लॉरीत गेले, आणि लगेच फाटकास कुलूप लागलं. खोल्या रिकाम्या करा म्हणून माणूस आला. राव? त्यांची दुसऱ्या ऑफिसात बदली आधीच झाली होती, बाई. माझ्या पानावर बसले तेव्हाही माहीत होतं त्यांस. साहेब तरी गप्प राहिला, ह्यानं तर माझ्या तोंडून खोटं बोलवलं. मला अजून चीड येते, भांडं घासता घासता येते.

कुप्पम्मा भांडली नाही. तुझा माणूस, इतकंच म्हणाली, आणि बोलणं सोडलं.

आता सैदापेटला ह्या खोलीत इडल्या करून विकते मी. कारखान्याची माणसं येतात. कुप्पम्मा तिथंच विटा वाहते, जिथं लावणी करायची तिथंच. सकाळी येते, पान धरते, खाते, जाते, शब्द नाही. अशी वर्षं गेली. मग गेल्या पोंगलच्या आसपास राव दारात उभे. अक्का, ओळखलंस काय, आपली बोली ऐकून किती दिवस झाले. मी म्हटलं, यारु वेणुम? कोण पाहिजे तुम्हास, असं, तमिळमध्ये. ते पुन्हा मराठीत बोलले, मी पुन्हा तेच विचारलं. मग गेले. कुप्पम्मा पायरीवर खात होती. तिनं पान पुढं केलं, म्हणाली, अक्का, अजून एक इडली वाढ.

रावांचं बरं होवो, त्यांची पोरंबाळं सुखी राहोत. माझ्या दारी नकोत. तुम्ही येत जा, बाई, तुमच्याशी बोलून जीव हलका होतो. पण ती बघा, कुप्पम्मा येतेय. आता मी तमिळ बोलेन, रागावू नका हो. तिला न कळणारं काही तिच्यासमोर मी बोलत नाही.