लॉग कुठं बघायचा?

आमच्या आबांचं सांगतो. सणसरच्या घरी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शिरलं होतं, म्हणून मी त्यावर अँटी-स्पायवेअर टाकून पुण्याला परत आलो. तेव्हापासून दर रविवारी आबांचा फोन ठरलेला.

"स्कॅन झालं रं. त्याचा लॉग कुठं बघायचा?"

लॉग म्हणजे स्कॅनमध्ये काय सापडलं त्याची नोंद. मी घाईघाईत सांगायचो, हिस्टरी उघडा, शेवटच्या स्कॅनवर क्लिक करा. मग "काय सापडलं न्हाय" एवढं वाचून दाखवून ते फोन ठेवायचे.

दिवाळीला घरी गेलो, तर शेजारचे शकीलचाचा दुकानातला लॅपटॉप घेऊन आले होते आणि आबा त्यांना तसलाच लॉग झरझर उघडून दाखवत होते. चाचा गेल्यावर मी म्हणालो, "आबा, तुम्हाला तर सगळं येतंय. मग मला दर वेळी का विचारता?"

आबा म्हणाले, "तुझ्या हापिसातलं मला कळत न्हाय, आन् हितलं सांगाय लागलो की तुला घाई असती. मग फोन कशाच्या निमित्तानं करायचा?"

पुढच्या रविवारी मीच आधी फोन लावला. "आबा, उसाला पाणी दिलं का?"

"थांब," आबा म्हणाले, "खुर्ची घेतो."