मामांची पंच्याहत्तरची मोटार

जुनी मोटार साल बघून घ्यावी म्हणतात. आमच्या मामांनी बघितलं होतं. लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं दडी मारली होती. जळकोटला मामांचं कापडाचं दुकान. आम्ही नांदेडला गाडी घ्यायला गेलो.

मी म्हणालो, "ऐंशीची घ्या."

"न्हाई, पंच्याहत्तरचीच. जुना पत्रा जाड असतोय."

परतताना मुखेडच्या अलीकडं इंजिन तापलं आणि गाडी थांबली. विहिरीवरून कळशी घेऊन निघालेल्या म्हातारीकडं मामांनी गाडीसाठी पाणी मागितलं. तिनं अर्धी कळशी रिकामी केली आणि विचारलं, "कोणत्या सालची हाय वो?"

"पंच्याहत्तरची!" मामा ऐटीत म्हणाले.

"त्या साली लई पाऊस व्हता. तिला पाण्याची सवयच लागली असंल. औंदाची घ्यायची, बिनपाण्याची पळाली असती."