भैरूच्या पाणंदीतली हाक

ऐका. सरका जवळ. आन् बाहेरनं कुणी नाव घेतलं, तर गोष्ट संपंस्तोवर ओ देऊ नका.

त्या साली गावात चोऱ्या लई. आज कुणाच्या शेळ्या, उद्या कुणाची विहिरीवरली मोटार. मग ग्रामपंचायत जागी झाली. बैल गेला आन् झोपा केला, दुसरं काय! सुरक्षा दल काढलं. जोडीजोडीनं गस्त. हरेकाला काठी, बॅटरी, शिट्टी आन् चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. ग्रामसेवक शहरातला. त्यानं नेम घातला, "शिट्टी ऐकली की शिट्टी वाजवायची. हाक आली की पहिल्या हाकेला ओ द्यायची."

म्हातारी माणसं आपसात कुजबुजली. अरं, रातच्याला पहिल्या हाकंला ओ देतंय का कुणी? तिसरी हाक आली तरच ते माणूस. पण सायबाला सांगणार कोण?

दगडू शिंप्याच्या घरात मायलेक दोघंच. अवसंच्या रात्री त्याचा गस्तीचा जोडीदार सुदाम तापानं फणफणला. दगडू एकटाच निघाला. आई म्हणाली, "नगं जाऊस बाबा."

"पंचायतीचं काम हाय, आई. एक फेरी मारतो न् आलोच."

मारुतीच्या देवळापतुर ठीक व्हतं. पुढं भैरूची पाणंद. दोन्ही अंगाला काटेरी कुपाट, शेवटाला विहीर. तिथनं शिट्टी आली. दगडूला वाटलं, सुदाम उठून आला जणू. त्यानं शिट्टी वाजवली. पलीकडनं परत आली. जवळनं आली.

"दगडू."

आवाज सुदामचाच. आन् ह्या शहाण्यानं, नेमाप्रमाणं, ओ दिली.

ओ दिली आन् पाय त्याचे ऱ्हायले न्हाईत. थांब म्हटलं तर थांबंनात. मागं वळ म्हटलं तर वळंनात. पुढं दहा पावलांवर सुदाम चाललेला, अंगात जाकीट. दगडूनं बॅटरी मारली. पट्ट्या चमकल्याच न्हाईत. उजेड त्या पाठीत शिरला आन् तिथंच विझला.

"सुदाम, तोंड फिरव की रं."

"चोर पुढं हाय," त्यो म्हणाला. आता आवाज सुदामचा न्हवता. म्हाताऱ्या माणसाचा व्हता, घशात पाणी भरल्यागत.

दगडूनं वळखलं, ह्यो भैरू. आता भैरू कोण, ते सांगतो. भैरू गावचा जुना जागल्या, रातभर गावाची राखण करायचा. चोरांनी त्याला विहिरीवर गाठलं. त्यानं गावाला हाक मारली. एक. मग दुसरी. सारं गाव जागं, आन् सारं गाव अंथरुणात तिसऱ्या हाकंची वाट बघत पडलेलं. तिसरी आलीच न्हाई. सकाळी भैरू विहिरीत. तवापासनं त्याला दोनच हाका मारता येतात.

विहीर आली. दगडूच्या पायाखालची माती पाण्यात पडल्याचा आवाज झाला.

"गावानं ओ दिली न्हाई," भैरू म्हणाला. "तू दिलीस. चल." आन् त्याचा गार हात दगडूच्या मनगटावर बसला.

हिकडं आई जागीच. तिनं लेकाची शिट्टी ऐकली, आन् पाणंदीतनं दुसरीपण ऐकली. त्या रातीला गस्तीवर एकटा दगडूच. मग दुसरी कुणाची? म्हातारी अनवाणी पळत सुटली. पाणंदीच्या तोंडाशी हुबी ऱ्हाऊन तिनं हाक मारली. "दगडू. दगडू. दगडू."

तिसऱ्या हाकंला मनगट सुटलं. दगडू मागच्या मागं पडला, आन् रांगत, काट्यानं सोलून निघत आईपतुर आला. म्हातारीनं त्याला उराशी धरला आन् ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिशी पंचायतीनं नेम मोडीत काढला आन् पाणंद काटं टाकून बंद केली. सारी म्हणाली, चला, सुटलो.

पण पोरांनो, आईनं हाका मारल्या, त्या दगडूनं ऐकल्या तशा भैरूनंबी ऐकल्या. पुढल्या अवसंला आई लेकाजवळ घरातच बसलेली, आन् पाणंदीतनं तिचाच आवाज आला. "दगडू." मग, "दगडू." आन् जरा थांबून, शिकल्यागत, तिसऱ्यांदा, "दगडू."

आता हाका मोजून उपेग न्हाई. त्या वाटंनं जायचंच न्हाई.