पगाराच्या रकान्यात रेघ

हॅलो?… हो, यमुमावशी, बोल… नाही वं, घरी नाही, बर्डीच्या बाजारात आहो. मेट्रोच्या जिन्याखाली… ते? तो इअरफोनवाला ओरडून राहिला. बोल लवकर, मले एक फोन येणार आहे.

…स्थळाचं नंतर बोलू ना… हो, मनीषनगरचं, मुलगा गौरांग, माहीत आहे… मावशी, ऐक ना, आज नाही. इथे माझा जीव टांगणीला लागला आहे… नोकरीचं. हो, तेच, वर्धा रोडवरचं गोडाउन. सकाळी शेवटचा इंटरव्ह्यू झाला.

…चांगला झाला. ट्रकांचं सगळं विचारलं. एका दिवसात चाळीस गाड्या कशा लावायच्या, कोणती आधी काढायची, कोणती थांबवायची. पटापट सांगितलं. साहेब खूश. मग पैशावर गाडी अडली…

नाही, सध्याचा पगार नाही सांगितला मी. फॉर्ममध्ये त्या रकान्यात सरळ रेघ मारली… अवं, काहून म्हणजे? मागच्या वेळी खरं खरं सांगितलं, तर काय झालं? त्याच्यावर दोन हजार टेकवले. अन् बाजूच्या टेबलावरच्या पियूषले, तेच काम, माझ्याहून बारा हजार जास्त! तीन वर्षं त्याच्या चुका मीच निस्तरून राहिली. या वेळी ठरवलं, कामाचे पैसे मागायचे. पंचेचाळीस हजार मागितले… हो, पंचेचाळीस.

…तेच तर समजून नाही राहिलं! एचआरवाली मॅडम हसली अन् म्हणाली, तुमच्या आत्ताच्या पगारावर तीस टक्के वाढवून देतो, तेवीस हजार चारशे… अवं, हे तर आत्ता भेटते त्याहूनही कमी आहे! वाढ कशाची मग? शेवटचं विचारायले बारा वाजता फोन करते म्हणाली…

हं?… काय म्हणतेस? मुलाच्या आत्याने मले पाहिलं? कधी?… आज? मावशी, आज मी कुठेच गेली नाही, फक्त त्या इंटरव्ह्यूले…

…नाव काय आत्याचं?… कुसुमताई… चष्मा? आखूड केस?… अरे देवा. तीच तर एचआरवाली मॅडम!

…पसंत पडली ते ठीक आहे, पण… काय? बायोडेटापेक्षा बुटकी वाटली? मावशी, बायोडेटात उंची किती लिहिली तू?… पाच-तीन! अवं, मी पाच-एक आहो!… थोडंसं नाही, दोन इंच!

थांब. थांब थांब. पगार किती लिहिला?… मावशी?… थांब, मीच काढते. तेवीस हजार चारशे, त्यातली तीस टक्क्यांची वाढ काढली तर… अठरा. अठरा हजार लिहिले तू?

तुले कोणी सांगितलं अठरा?… आईलेही माहीत नाही, मी कोणालेच सांगत नाही… अंदाजे? असा कसा अंदाजे?… हं… हं… मुलाले वीस आहे म्हणून?… त्याच्याहून जास्त दिसला तर मुलाकडचे बिचकतात, म्हणून दोन कमी?

…नाही, रडून नाही राहिली… बरं, रडून राहिली. रागही येऊन राहिला, तुह्यावरच. आठ दिवस आरशासमोर घोकलं मी, सध्याचा पगार सांगायचा नाही, सांगायचा नाही. अन् त्या बाईच्या मोबाइलमध्ये तो आधीच जाऊन बसला होता. तोही माझा नाही, मावशी. त्या गौरांगचा, दोन हजार कापून!

…नको! कुसुमताईले फोन करू नको! तू टायपिंगची चूक झाली म्हणशील, मग ती म्हणेल खरा किती, पगाराची स्लिप पाठवा. खरा कळला की त्याच्यावर तीस टक्के टेकवतील. मले तेच तर नको… नाही, वाढवूनही सांगू नको! काहीच सांगू नको!

…आला. तिचाच फोन आहे. ठेवू नको, लाइनवर राहा…

हॅलो, हो मॅडम, सुरुचीच बोलतेय… हो, विचार केला… मॅडम, एक विचारू? माझा पगार तुम्ही लग्नाच्या बायोडेटातून घेतला ना?… नाही, बायोडेटा माझाच आहे. पण मावशीने बनवलेला आहे. त्यात माझी उंची पाच फूट तीन लिहिली आहे. सकाळी तुम्ही मला समोर पाहिलंत… हो… हो मॅडम, बुटकीच आहे मी… मग तो पगारही तसाच समजा… खरा? तो मी फॉर्ममध्ये लिहिला नाही, आणि आत्ताही सांगणार नाही. कामाचं तुम्ही जे जे विचारलंत, ते सगळं सांगितलं. त्या कामाचे मी पंचेचाळीस मागते… स्थळाचं वेगळं, मॅडम. ते मोठी माणसं बघतील… हो. थांबते मी.

हं, मावशी, आहेस का?… काय माहीत! हसली. साहेबांशी बोलून दहा मिनिटांत सांगते म्हणाली… आता चांगलं हसली की वाईट, मले काय समजते?… गेलं तर गेलं वं ते स्थळ. नोकरी नको जायले…

…हो, माहीत आहे, माझ्या भल्यासाठीच केलं तू. आता एक कर, तो बायोडेटा दुरुस्त कर. उंची पाच-एक. हो, एक… अन् पगार… खरा किती? मावशी, तूही?… नाही. तुलेही नाही सांगणार… रिकामं वाईट दिसते तर रेघ मार तिथे. हो, सरळ रेघ… आला, आला तिचा फोन. ठेवते.